‘तुमच्या घरी बंदूक आहे का?’

वाचकहो, या सदरातून आजवर आपण मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातली कावीळ, विंचूदंश अशा आपल्या नेहमीच्या दुखण्यांविषयी बोलत आलो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आजचा विषय आहे बंदूक! ‘डॉक्टर, बंदुकीचा आणि आरोग्याचा काय संबंध? ते पोलिसांचे काम,’ असे तुम्ही म्हणाल. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत मीही हेच म्हणत होतो.

त्या वर्षी मे-जून महिन्यांत आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. ती न्यू जर्सी राज्यात, एडिसन गावाजवळ राहते. या भागात आपली माणसे इतकी, की भाजीच्या दुकानात मेथीची जुडी निवडताना शेजारून ‘अहो, ती कोवळी आहे बघा’ असे कानावर पडते. दिवसभर लेक-जावई कामावर आणि सात वर्षांचा नातू शाळेत. घरात आम्ही दोघेच. सौ. स्वयंपाकघरात रमल्या. माझ्याकडे एकच काम आले, दुपारी रस्त्याकडेच्या टपालपेटीतून डाक आणायची. एके दिवशी त्या डाकेत एक चार पानी रंगीत पत्रक आले. रिकामपणी माणूस सामानाला गुंडाळलेला कागदही वाचतो, हे तर पत्रकच होते. चहाचा कप घेऊन वाचायला बसलो.

आमदारीणबाईंचे पत्र

ते पत्रक त्या भागाच्या आमदारीणबाईंचे होते. न्यू जर्सी राज्याचे ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येक मतदारसंघातून वरच्या सभागृहात एक व खालच्या सभागृहात दोन सदस्य निवडून जातात. त्यांपैकी खालच्या सभागृहाच्या या सदस्य. आपल्याकडे आमदारसाहेबांचे पत्रक म्हटले की हात जोडलेला फोटो आणि दिवाळीच्या शुभेच्छा. येथे मजकूर कामाचा होता. गेल्या काही महिन्यांत कोणते कायदे झाले, त्यांचा तुम्हाला उपयोग काय, अडचण आल्यास कोणत्या नंबरवर फोन करायचा, असे सारे सोप्या भाषेत मांडलेले.

आतल्या पानांवर नाना विषय होते. मधुमेहाच्या रोग्यांसाठी इन्सुलिनचा महिन्याचा खर्च राज्याच्या नियंत्रणाखालील विमा योजनांत जास्तीत जास्त ३५ डॉलर ठेवणारा कायदा झाला असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू होणार, ही बातमी होती. दम्याच्या पंपालाही अशीच मर्यादा. पिण्याच्या पाण्याचे शिशाचे जुने नळ दहा वर्षांत बदलून घेण्याच्या २०२१ च्या कायद्याची माहिती होती. घरपट्टीतील सवलतीचा अर्ज कसा भरायचा, हेही होते. डॉक्टर या नात्याने मला हे सारे वाचून बरे वाटले. इन्सुलिन परवडत नाही म्हणून एक दिवसाआड टोचणारे रोगी मी आपल्या गावातही पाहिले आहेत.

मात्र पहिले पान सबंध एकाच विषयाला दिले होते, बंदुकीने होणारी हिंसा कशी टाळावी. त्यात चार-पाच गोष्टी सांगितल्या होत्या. घरात बंदूक असल्यास ती गोळ्या काढून, कुलपात ठेवा आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा. बंदुकीला लावायचे कुलूप पोलीस ठाण्यात फुकट मिळेल. घरातला माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती वाटत असेल, तर कोर्टाकडे अर्ज करा, त्याची बंदूक काही काळ काढून घेता येते. मन फार खचले असेल तर ९८८ हा तीन आकडी नंबर फिरवा. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती. तुमचे मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाण्याआधी त्या घरात विचारा, ‘तुमच्या घरी बंदूक आहे का? ती कुलपात आहे का?’

ही ओळ वाचून मला हसू आले. लोकांच्या घरी जाऊन असे कोणी विचारते का? आपल्याकडे ‘घरात दागिने किती आहेत?’ असे विचारण्यासारखेच झाले ते!

शनिवारची गोष्ट

शनिवारी नातवाला वर्गातल्या एका मित्राकडे खेळायला बोलावणे होते. सकाळी लेकीने त्या मुलाच्या आईला फोन केला. किती वाजता सोडायचे, जेवणात शेंगदाणे नसले म्हणजे झाले, कारण आमच्या मुलाला त्यांची ॲलर्जी आहे, असे बोलणे झाले. मग क्षणभर थांबून तिने त्याच आवाजात पुढे विचारले, ‘आणखी एक गोष्ट मी सगळ्यांनाच विचारते. घरी बंदूक आहे का?’

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. मनात आले, आता त्या बाई रागावणार, पोराचा मित्र तुटणार. पण पलीकडून शांतपणे उत्तर आले. हो, यजमानांना शिकारीची आवड आहे. बंदूक तळघरात, लोखंडी कपाटात, नंबरच्या कुलपात असते. गोळ्या दुसरीकडे असतात. विचारलेत ते बरे केलेत. बस्स! नातू खेळायला गेला आणि संध्याकाळी मातीने माखून परत आला.

रात्री मी लेकीला म्हणालो, ‘अगं, तुला संकोच नाही वाटला?’

ती म्हणाली, ‘बाबा, पहिल्यांदा खूप वाटला. पण तुम्हीच लहानपणी सांगायचात ना, रोग्याला संडासला कशी होते हे विचारायला डॉक्टर लाजला, तर तो डॉक्टर कसला? शेंगदाणे विचारते तशीच बंदूकही विचारते. शेंगदाण्याने माझा मुलगा आजारी पडेल. बंदुकीने तर औषधाला वेळच मिळणार नाही.’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग मी या विषयावर वाचायला लागलो. जे वाचले ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

हा रोग केवढा मोठा?

कोणत्याही साथीचा विचार करताना आम्ही डॉक्टर आधी मोजणी करतो. किती दगावले, कोण दगावले, कोठे व कसे दगावले? अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांवर माणसे मेली. २०२३ साली हा आकडा थोडा उतरून ४६ हजारांवर आला. नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांचा २०१७ सालचा अंदाज ३९ कोटींवर होता. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त! १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पूर्वी मोटार अपघात हे होते. २०२० पासून ते बंदूक झाले आहे.

आपण वर्तमानपत्रांत वाचतो त्या शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्या. कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २०१२ साली २० चिमुकली मुले आणि ६ मोठी माणसे गेली. टेक्सासमधील युव्हाल्डी गावी २०२२ साली १९ मुले व दोन शिक्षिका गेल्या. काळीज फाटावे अशाच या घटना. पण मोजणी करताना मला जे दिसले त्याने मी चमकलो. बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याच्या हातून मेलेली नव्हती. त्यांनी स्वतःचाच जीव घेतला होता. २०२३ साली अशी माणसे २७ हजारांवर होती.

येथे पोलिसांचा विषय डॉक्टरांचा होतो. चोरापासून घराचे रक्षण व्हावे म्हणून माणूस बंदूक आणतो आणि तीच घरातल्या माणसाच्या जिवावर उठते. डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरात बंदूक आहे तेथे घरातच खून होण्याचा धोका, बंदूक नसलेल्या घराच्या मानाने पावणेतीन पटींच्या आसपास आढळला. आणि मारणारा बहुधा चोर नव्हता. तो घरातला किंवा ओळखीचा माणूस होता.

दोन लोकप्रतिनिधी

या अभ्यासाला पैसा पुरवला होता अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राने. सरकारी केंद्राने अशी माहिती गोळा करावी हे बंदूकवाल्यांच्या संघटनेला रुचले नाही. १९९६ साली आर्कान्सा राज्याचे खासदार जे डिकी यांनी पुढाकार घेऊन असे कलम घातले, की या केंद्राचा पैसा बंदुकीवर नियंत्रण आणण्याच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. शिवाय या संशोधनावर आदल्या वर्षी जेवढे २६ लाख डॉलर खर्च झाले, नेमकी तेवढीच रक्कम कमी केली. कलमात संशोधनाला बंदी नव्हती. पण अधिकाऱ्यांनी इशारा ओळखला. वीस वर्षांहून अधिक काळ हा अभ्यास जवळजवळ बंद पडला. देवीच्या साथीत एखाद्या गावाने रोगी मोजायचेच नाहीत असे ठरवावे, तसे झाले.

पण गोष्ट येथे संपत नाही. ज्यांच्या कामावर डिकींनी कुऱ्हाड चालवली, त्या विभागाचे प्रमुख डॉ. मार्क रोझेनबर्ग होते. दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक. पुढे बोलता बोलता दोघांची मैत्री झाली. २०१२ च्या जुलैमध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा गावी चित्रपटगृहात १२ माणसे मारली गेली, तेव्हा या दोघांनी मिळून ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि बंदुकीच्या हिंसेवर संशोधन झालेच पाहिजे असे सांगितले. आपण घातलेल्या कलमाचा असा उपयोग झाला, याचे डिकींना वाईट वाटत होते. २०१७ साली ते वारले. २०१८ साली, संशोधनाला मनाई नाही, असा स्पष्ट खुलासा झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. आपण चुकलो असे जाहीरपणे म्हणणारा राजकारणी माझ्या पाहण्यात फारसा नाही, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगितली.

दुसरी गोष्ट एका परिचारिकेची, म्हणजे आमच्याच पेशातली. कॅरोलिन मॅकार्थी या न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात राहणाऱ्या. ७ डिसेंबर १९९३ रोजी संध्याकाळी कामावरून घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेल्या लोकल गाडीत एका माणसाने गोळीबार केला. सहाजण मेले, एकोणीसजण जखमी झाले. मेलेल्यांत मॅकार्थीबाईंचे यजमान होते. तरुण मुलाच्या डोक्यात गोळी शिरली. तो वाचला, पण पुन्हा उभा करायला बाईंना फार कष्ट पडले. परिचारिका म्हणून दुसऱ्यांची शुश्रूषा केलेल्या हातांना आता पोटच्या पोराची करावी लागली. पुढे त्यांच्या भागाच्या खासदारांनी लष्करी धर्तीच्या बंदुकांवरील बंदी उठवावी म्हणून मत दिले. बाई चिडल्या आणि १९९६ साली त्यांच्याच विरुद्ध उभ्या राहून निवडून आल्या. पुढची अठरा वर्षे त्या खासदार होत्या.

२००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. मारणारा तरुण स्वतःच्या जिवाला धोकादायक आहे असे कोर्टाने आधीच म्हटले होते. पण तो कागद बंदूक विकणाऱ्यांच्या तपासणीच्या नोंदीपर्यंत पोचलाच नव्हता. ही फट बुजवण्याचा कायदा मॅकार्थीबाईंनी पुढे रेटला आणि २००८ च्या जानेवारीत तो झाला. त्या जून २०२५ मध्ये वारल्या. रोग्याच्या उशाशी अडकवलेला तक्ता एका पाळीच्या परिचारिकेने दुसऱ्या पाळीला द्यायचा असतो, नाहीतर अनर्थ होतो. बाईंनी सबंध देशासाठी तेच केले असे मला वाटते.

बंदुका बंद का करत नाहीत?

हा प्रश्न मला आपल्याकडचा प्रत्येकजण विचारतो. उत्तर असे, की बंदूक बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून आहे आणि २००८ व २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकच पक्का केला. खेड्यापाड्यांतून शिकार ही पिढ्यान् पिढ्यांची आवड आहे. म्हणून तेथील शहाणी माणसे मोटारींचा दाखला देतात. मोटारीने माणसे मरतात म्हणून मोटारी कोणी बंद केल्या नाहीत. १९६० नंतरच्या दशकात तेथे मोटारींच्या दर दहा कोटी मैल प्रवासामागे पाचांहून अधिक माणसे मरत. पट्टे आले, हवेच्या पिशव्या आल्या, रस्ते सुधारले, दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांना शिक्षा झाल्या. आता तो आकडा दीडच्याही खाली आहे. एका कायद्याने हे झाले नाही. अनेक छोट्या उपायांनी झाले.

बंदुकीबाबतही तसेच उपाय चालू आहेत. २०२२ च्या जूनमध्ये दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून जवळजवळ तीस वर्षांनी एक मोठा संघीय कायदा केला. त्यात २१ वर्षांखालील गिऱ्हाइकाची जास्त कसून तपासणी आली आणि मानसिक आरोग्यासाठी पैसा आला. रेल्वेला धोक्याची लाल झेंडी दाखवतात, तसे ‘रेड फ्लॅग’ कायदे वीसहून अधिक राज्यांत आहेत. पहिला कनेक्टिकटने १९९९ साली केला. आमच्या लेकीच्या न्यू जर्सीत तो २०१९ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. कनेक्टिकटमधील नोंदींचा अभ्यास करून ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली हिशेब मांडला, की दर दहा ते वीस जप्तींमागे एक आत्महत्या टळते. आमच्या शास्त्रात हा गुण फार चांगला समजतात.

न्यूअर्कसारख्या शहरांत आणखी एक उपाय आहे. गोळी लागून इस्पितळात आलेल्या तरुणाच्या खाटेपाशी त्याच्याच वस्तीतला, असेच आयुष्य भोगलेला एखादा माणूस येऊन बसतो. ‘बदला घ्यायला जाऊ नकोस, तुला काम मिळवून देतो,’ असे समजावतो. जखमेवर टाके आम्ही घालतो, पण सूडाची जखम असा माणूसच शिवू शकतो. दुर्दैवाने अशा कामांचे पुष्कळसे संघीय अनुदान एप्रिल २०२५ मध्ये अचानक रद्द झाले. औषध लागू पडत असताना ते मध्येच तोडले की रोग उलटतो, हे क्षयरोगाच्या बाबतीत आपण अनेकदा पाहिले आहे.

आम्ही तेथे असतानाच, २५ जून २०२४ रोजी, अमेरिकेचे त्या वेळचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरचे संकट असल्याचे जाहीर केले. हे मूर्ती मूळचे आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या घराण्यातले. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा मी जावयांना म्हणालो, ‘बंदूक हा डॉक्टरांचा विषय आहे, हे मला पटायला तुमच्या टपालपेटीतले पत्रक लागले.’

पाच मिनिटांचे अंतर

या सगळ्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनावर ठसली, ती आता सांगतो. जीव द्यावासा वाटणे हे बहुतेकांच्या बाबतीत कायमचे नसते. ती एक लाट असते. ती येते, डोक्यावरून जाते आणि ओसरते. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे मरणाच्या दारातून परत आलेल्या तरुणांना विचारले, तेव्हा चौघांतला एक म्हणाला, की विचार येणे आणि कृती करणे यांत पाच मिनिटेही गेली नव्हती. आणि असा प्रयत्न करून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊजण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे ती लाट ओसरेपर्यंत माणूस टिकला पाहिजे, एवढाच प्रश्न असतो. हाताशी बंदूक असली तर तो टिकत नाही, कारण तिचा घाव सुधारायला वाव देत नाही.

म्हणून उपाय असा, की लाट आणि साधन यांच्यामध्ये अंतर ठेवा. एक कुलूप, एक किल्ली, एक जिना, एक शेजारी. इस्रायलच्या सैन्यात २००६ सालापासून सैनिकांनी सुट्टीला घरी जाताना बंदूक छावणीतच ठेवावी असा नियम झाला आणि सैन्यातील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. माणसे तीच, दुःखे तीच. फक्त बंदूक त्या दोन दिवसांपुरती दूर ठेवली होती.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मला आपल्या तालुक्यातले एक घर आठवत होते.

आपली बंदूक खाटेखाली असते

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री जीपमधून एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला दवाखान्यात आणले. मोटारसायकलवरून बापाशी वाजले होते. रागाच्या भरात पोराने फवारणीचे औषध घेतले. आम्ही शर्थ केली, जिल्ह्याच्या इस्पितळात हलवले. मध्यंतरी तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, ‘डॉक्टर, मला मरायचं नव्हतं हो. राग आला होता.’ तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्या पोराच्या बापाचा रक्तदाब मी आठ वर्षे तपासत होतो. त्या घरी मी अनेकदा गेलो होतो, खाटेवर बसून चहा प्यालो होतो. औषधाचा डबा त्याच खाटेखाली असे. मी तो पाहिला होता. मीठ कमी खा, बिडी सोडा, हे सारे सांगितले, पण ‘हा डबा येथे कशाला?’ हे कधी विचारले नाही. मला तो माझा विषय वाटला नाही. एडिसनच्या घरात माझी लेक जे विचारायला लाजली नाही, ते मी माझ्या गावात आठ वर्षे विचारले नव्हते.

श्रीलंकेत १९९५ साली आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ५७ होते. त्या सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशके एकामागून एक बंद केली. २०१५ साली प्रमाण १७ वर आले. शेती बुडाली नाही, पण माणसे मात्र वाचली.

अमेरिकेतून परतल्यापासून मी प्रत्येक शेतकरी घराला विचारतो, ‘फवारणीचे औषध कोठे ठेवता?’ सुरुवातीला लोक चमकले. आता उत्तर तयार ठेवतात. तुम्हालाही काही गोष्टी सांगतो. कात्रण काढून ठेवलेत तरी चालेल.

• फवारणीचे औषध राहत्या घरात ठेवू नका. शेतावरच्या किंवा गोठ्याकडच्या कुलपाच्या पेटीत ठेवा. किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे असू द्या.

• लागेल तेवढेच आणा. उरलेले ‘पुढच्या हंगामाला होईल’ म्हणून साठवू नका. थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच काढू नका. लहान मुले फसतात.

• पीक संरक्षणासाठी किंवा अन्य कारणाने परवान्याची बंदूक घरात असेल, तर ती गोळ्या काढून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा.

• घरातला माणूस गप्प गप्प राहू लागला, झोप उडाली, ‘माझा आता काय उपयोग’ असे बोलू लागला, तर काही दिवस औषध, बंदूक, झोपेच्या गोळ्या शेजारच्या किंवा भावकीतल्या विश्वासू माणसाकडे नेऊन ठेवा. यात कसलीही लाज नाही.

• त्याला सरळ विचारा, ‘जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट मन हलके होते.

• सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस आणि मोफत आहे. मराठीत बोलता येते. जवळच्या डॉक्टरकडेही मोकळेपणी जा.

• तुमची मुले-नातवंडे अमेरिकेत असतील, तर पुढच्या फोनवर हवापाणी विचारून झाले की त्यांना एवढे सांगा, पोरांना दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवताना बंदुकीचे विचारत जा. तेथील बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. गोळ्या भरलेली, कुलूप न लावलेली बंदूक घरात आहे अशा घरांत तेथील सुमारे ४६ लाख मुले राहतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी ते चार पानी पत्रक लेकीकडून मागून घेतले. इतर सामान उचलताना सौ. म्हणाल्या, ‘कागद कशाला नेता? वजन वाढेल.’ मी ते घडी करून खिशात ठेवले. आज ते माझ्या दवाखान्यात, रक्तदाबाच्या यंत्राशेजारी भिंतीवर लावले आहे. इंग्रजी असल्याने फारसे कोणी वाचत नाही. त्याखाली मी माझ्या हाताने मराठीत एकच ओळ लिहिली आहे, ‘फवारणीचे औषध कोठे ठेवता?’

गेल्या पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ नंबर येईपर्यंत ती ओळ वाचत बसले होते. आत आल्यावर छातीचे दुखणे सांगण्याआधीच म्हणाले, ‘डाक्टर, आमच्याकडं तो डबा माळ्यावर असतो. आज गेल्यावर काढतो.’ त्या दिवशीची फी मी त्यांच्याकडून घेतली नाही.